मासे जिकडे बघतात

१

सकाळी उठलं की आधी टाकीचा दिवा लावायचा, मग चहा ठेवायचा. हा क्रम माझा मी ठरवला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला ही केवढी चैन वाटते, ते दुसऱ्याच्या घरात आयुष्य काढलेल्यांनाच कळेल.

कॉलेज संपलं तेव्हापासून मी दादाच्या घरी होते. माझी खाट पॅसेजमध्ये, कपाट आणि बाथरूमच्या मधे. कुणाला बाथरूमला जायचं झालं की मी पाय आखडून घ्यायचे. वाईट कुणीच वागलं नाही. दादाची दोन्ही मुलं माझ्या अंगाखांद्यावर वाढली, वहिनी आजारी पडली की घर मी ओढलं, आणि ते सांभाळून चष्म्याच्या दुकानातली नोकरीही केली. सगळे मला बारकी म्हणायचे. केस पिकले तरी बारकीच.

घर घेतलं तेव्हा दादा म्हणाला, "एकटी राहणार? तू?" जणू मी चंद्रावर निघाले होते.

"हो. मी."

"महिन्याभरात परत येशील बघ."

"वाट बघत बस," मी म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. बाहेरची मोठी खोली, आत झोपण्यापुरती एक, आणि मोठ्या खोलीलाच लागून स्वयंपाकघर. भिंती कोऱ्या पांढऱ्या. पहिल्या रात्री मी खोलीच्या बरोबर मध्यावर गादी घातली आणि चारी बाजूंना हातपाय पसरून झोपले. मग घरासाठी पहिली वस्तू आणली. लोक फ्रिज आणतात, पलंग आणतात. मी फिशटँक आणला.

२

आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे माशांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी काचेतून तिकडे बघत उभी राहायची. त्या दुकानदाराला आम्ही बुडबुडेशेठ म्हणायचो, कारण दुकानातले पंप आणि तो, दोघांचाही आवाज दिवसभर बंद होत नसे.

त्यानं मला सगळं शिकवलं. टाकीखाली थर्माकोल घालायचा, नाहीतर काच तडकते. वाळू धुवायची, पुन्हा धुवायची, बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायची. माझे हात पांढरेफटक पडले. हे मासे गरम प्रदेशातले, म्हणून पाण्यात हीटर. कोपऱ्यात फिल्टर. आणि मग काहीच करायचं नाही. नुसतं पाणी फिरत ठेवायचं.

"आणि मासे?"

"मासे इतक्यात नाहीत ताई. पाणी आधी मुरलं पाहिजे. नव्या पाण्यात टाकलेले मासे दोन दिवसांत उलटे तरंगतात."

"लोक हसतील. रिकामी टाकी."

"हसू द्या. नंतर रडण्यापेक्षा बरं."

दादा फोनवर हसलाच. "पाणी पाळलंयस होय गं? नाव काय ठेवलंस त्याचं?"

पाणी मुरलं तेव्हा मी मासे आणले. निळी-लाल रेघ असलेले इवलेसे टेट्रा आणि शेपटीचा घोळ मिरवणारे थोडे गप्पी. पिशवी आधी टाकीतच तरंगत ठेवली, पाण्याची ऊब सारखी झाल्यावर सोडली. बुडबुडेशेठनं खाण्याची डबी हातात देताना बजावलं होतं, "चिमटीच्याही चिमटीएवढं घाला. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं."

मला ते आवडलं. माझा धंदाच डोळ्यांचा. चष्मा बेतताना दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं असतं, त्यासाठी समोरच्याची नजर नेमकी कुठं आहे ते बघावं लागतं. इतकी वर्षं तेच केलंय. माणूस माझ्याकडे बघतोय की माझ्या कानाजवळून पलीकडे, ते मला लगेच कळतं.

"आठवड्याभरात ओळखतील तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्ही आलात की काचेपाशी झुंबड करतील. दुसरं कुणी आलं तर ढुंकून नाही बघायचे."

"कुत्र्यासारखे?"

"कुत्रा शेजाऱ्यापुढेही शेपूट हलवतो. मासा नाही. जो घास घालतो, त्याच्याकडेच तोंड."

३

त्यांनी झुंबड केली, पण माझ्यासाठी नाही.

त्या सकाळी मी दिवा लावला तर सगळे मासे मागच्या काचेशी, वरच्या कोपऱ्यात. टाकीच्या पाठीमागे मी निळा कागद चिकटवला होता. त्याच्यामागे चार बोटांची फट, आणि मग भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून सगळे पाण्याच्या वरच्या थराशी तोंडं उघडत-मिटत होते. घास घेतला की मासा जरासा मागे सरतो, मग पुन्हा पुढे येतो. ते तसंच करत होते. शिस्तीत, आळीपाळीनं.

मी समोरून डबी हलवली. एकही वळला नाही. दाणे टाकले, ते तरंगत राहिले आणि मग बुडाले.

मी अंधश्रद्धाळू नाही. कारणं शोधली. निळ्या कागदात स्वतःची सावली दिसत असेल, म्हणून कागद फाडून काढला. मासे भिंतीकडेच. हीटर त्या बाजूला आहे, ऊब लागत असेल, म्हणून हीटर दुसऱ्या टोकाला नेला. मासे भिंतीकडेच. फटीत हात घातला. भिंत कोमट लागली. हीटर तिथं इतका वेळ होता, लागणारच. त्या भिंतीपलीकडे काही नाही, शेजारी नाही, जिना नाही. बाहेरून सरळ खाली तीन मजले, आणि तळाशी लोकांच्या स्कूटर.

दुपारी रस्ता ओलांडून गेले. "मासे भिंतीकडे तोंड करून खातात का हो?"

"काय खातात?" बुडबुडेशेठनं विचारलं.

"काही नाही. म्हणजे मी काही घातलेलं नसतं."

"मग खात नसणार."

"तोंडं हलवतात."

"श्वास घेत असतील ताई."

हे पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं. पण तो पुढे म्हणाला, "दोन-तीन दिवस उपास घाला त्यांना. चालतो. काही बिघडलं असेल तर बरं वाटेल."

मी उपास घातला. डबीला हात लावला नाही. आणि रोज सकाळी त्यांची पोटं बघितली. टेट्राचं पोट कसं, रिकामं असलं तर आत गेलेलं दिसतं. ह्यांची टम्म होती, मटारसारखी.

४

टाकी काढून टाकावी असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. आणि लगेच माझा मलाच राग आला. आयुष्यात पहिल्यांदा एक भिंत माझी, तिच्यासमोर ठेवलेली वस्तू माझी, आणि ती मी का उचलू? फार तर जागा बदलेन. जागा बदलणं म्हणजे हार नव्हे.

रविवारी सकाळी पाणी बादल्यांत काढलं. मासे जाळीनं धरून एका बादलीत, वर ताट झाकलं. वाळू उपसली. रिकामी काच आणि स्टँड ढकलत समोरच्या भिंतीशी, स्वयंपाकघराच्या दारालगत नेलं. दादाला बोलावलं असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं. नाही बोलावलं. कंबर मोडली, पण दुपारी मासे पुन्हा पाण्यात होते, आणि ह्या वेळी टाकी भिंतीला अगदी खेटून. फट म्हणून ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि मला रडूच आलं, आनंदानं. सगळे पुढच्या काचेशी. तोंडं खोलीकडे, शेपट्या भिंतीकडे. अखेर मला ओळखलं.

मी वाकले. "काय रे लबाडांनो," म्हटलं. "इतके दिवस रुसला होतात?"

मग माझ्या ध्यानात आलं.

चष्मा लावताना गिऱ्हाइकाची नजर सरळ नसली की मी सांगते, माझ्या नाकाकडे बघा. माशांना कसं सांगणार? ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत होते. मी डावीकडे सरकले. त्यांची नजर हलली नाही, आता ती माझ्या उजव्या बाजूला गेली. मी मागे झाले, बसले, उठले. ते सगळेच्या सगळे एकाच जागेकडे तोंड करून होते. टाकीपुढे हातभर अंतरावर, फरशीच्या मोकळ्या तुकड्याकडे, आणि वर, माझ्या छातीच्या उंचीला.

तिथं काही नव्हतं. मी त्यातून हात फिरवला. काहीच नाही.

मग एक गोष्ट सुचली. इतके दिवस जे भिंतीकडे होतं, ते आता खोलीत होतं. टाकी मीच हलवली होती, मागची फट मीच ठेवली नव्हती.

५

पाण्यावर पापुद्रे तरंगताना मला त्याच आठवड्यात दिसले. माझ्या डबीतलं खाणं लाल, गोल दाण्यांचं. हे पांढुरके, पातळ, नखाहून लहान. रंगाचे पोपडे असतील म्हणून छत बघितलं, भिंती बघितल्या. रंग नवा. कुठं टवका उडालेला नव्हता.

एक पापुद्रा जाळीनं उचलला, कागदावर वाळवला आणि दुकानात नेला. मालक जेवायला गेल्यावर मी तो भिंगाखाली धरला.

बारीक रेघा होत्या. एकीला एक लागून, समांतर, आणि एका जागी वळून गोल फिरून परत आलेल्या. अशा रेघा मी रोज बघते. कुणीही चष्मा काचेला धरून उचलला की उमटतात, आणि मऊ कापडानं त्या पुसायचं काम माझं असतं.

मी माझी बोटं भिंगाखाली धरली. दहाही. सगळी शाबूत होती.

कागद चुरगळून टाकला. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, बरं नाही का?"

"उत्तम आहे," मी म्हटलं. "माझ्या नाकाकडे बघा."

६

दादा आला तो शनिवारी दुपारी, न सांगता. हातात फळांची पिशवी. घर फिरून बघितलं, नळ सोडून बघितला, खिडकीचे गज हलवून बघितले, जसं काही घर त्यालाच घ्यायचंय.

"वहिनीचे गुडघे फार धरलेत," तो म्हणाला. "मुलं आपापल्या कामात. तुझी आठवण काढते सारखी."

"येईन की भेटायला."

"भेटायला नव्हे गं."

मी चहा ठेवायला आत गेले. तो टाकीपुढे जाऊन उभा राहिला असणार, कारण बाहेरून त्याचा आवाज आला, लहान मुलासारखा खूश. "अगं बारके, किती ओळखतात गं तुला! कसे तुटून पडलेत."

"काय?"

"मासे! खाणं घालून गेलीस ना आत्ता?"

मी गाळणं हातात धरून दारात आले. दादा काचेशी वाकला होता. त्याच्या बाजूला, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, माशांची नजर लागली होती. पाण्यावर ते पांढुरके तुकडे हलके हलके येत होते. कुठून, ते दिसत नव्हतं. आत्ता नव्हते, आत्ता होते.

"दादा," मी म्हटलं, "जरा इकडे ये. चहा घे."

तो सरळ झाला आणि दंड चोळू लागला. "इथं ओल आहे का गं? गार लागतंय." मग मागं वळून बघितलं, उगीचच, कुणी हाक मारल्यासारखं. चहा त्यानं दाराजवळ उभ्यानंच प्यायला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि का, ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं.

"चल घरी," तो हळूच म्हणाला. ह्या वेळी त्यात वहिनीचे गुडघे नव्हते. "मला नाही बरं वाटत तू इथं राहिलेली. का विचारू नकोस. बॅग भर, मी थांबतो."

एक शब्द बोलायचा अवकाश होता. नुसतं "दादा, मला भीती वाटते" म्हटलं असतं तर त्यानं मला उचलून नेलं असतं. प्रेमानं नेलं असतं, हीच तर पंचाईत. मग पुन्हा ती खाट, ते कपाट, आणि जन्मभर सगळ्यांनी सांगितलं असतं, बिचारीनं प्रयत्न केला हो, पण घाबरली.

"कप दे इकडे," मी म्हटलं. "धुऊन टाकते."

"बारके—"

"नाही येणार, दादा."

तो गेला. जिन्यात बराच वेळ त्याच्या चपला वाजल्या नाहीत, मग वाजल्या.

७

मी दार लावून टाकीपुढे फरशीवर बसले. ऊन अजून खिडकीत होतं. खोली लख्ख, एकही कोपरा अंधारा नाही. मासे वर तोंडं करून होते.

टाकीकडे खाली बसून वर बघितलं की पाण्याचा वरचा पडदा आतून आरशासारखा दिसतो. पलीकडचं काही दिसत नाही, फक्त चंदेरी छत आणि त्यात उलटे मासे. वरून कुणी पाण्याला बोट लावलं तर तेवढंच टोक त्या चंदेरीतून खाली उतरलेलं दिसतं.

चार टोकं उतरलेली होती. आणि पाचवं जरा बाजूला, अंगठ्याचं.

मी मान वर करून टाकीच्या वर बघितलं. झाकण उघडं होतं. ते मी उघडलं नव्हतं. वर हवा, भिंत, ऊन. पुन्हा खाली बघितलं. बोटांची टोकं होती, गुळगुळीत, सोललेल्या बदामासारखी, आणि ती एकमेकांवर घासत होती. सावकाश, काळजीनं, चिमूट सोडतात तशी. मासे टोकाटोकाशी जाऊन घास घेत होते. एक गप्पी तर अंगठ्याला अंग घासून गेला.

ओरडणार होते. पण त्या गप्पीला बघितलं आणि भीती कुठल्या कुठं गेली, तिथं नुसता संताप उरला. माझा मासा. वाळू मी धुतली होती. पाणी मी मुरवलं होतं. लोक हसले ते मला हसले होते.

उठले, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

मासे उधळले. पाणी कोमट, आणि मधेच एका जागी विहिरीसारखं गार. त्या गार जागेत काहीतरी माझ्या बोटांना लागलं. आधी चाचपलं, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं. मग माझ्या बोटांत बोटं आली आणि हात धरला गेला.

"ऐक," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "तू कोण ते मला विचारायचं नाही. आधी होतास, असशील. पण आता हे घर माझं आहे. राहायचं तर राहा, मी कुणाच्या पायावरून जायची नाही आणि कुणी माझ्या पायावरून जायचं नाही. पण ह्यांना खायला मी घालणार. दुसऱ्या कुणी नाही."

पकड आवळली. हाडं एकमेकांवर चढली. खाली ओढ लागली, माझा खांदा काचेच्या कडेला घासला, चेहरा पाण्याला टेकायला आला. सरळ होता येईना. त्या स्थितीत मला पाण्यात एक चेहरा दिसला, माझाच. त्याचे डोळे माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानाजवळून पलीकडे बघत होते.

मी डोळे मिटले आणि उलट आवळलं. जितकं बळ पन्नास वर्षांत कुणावर वापरलं नव्हतं, तितकं. किती वेळ ते सांगता येणार नाही. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं एवढं ठाऊक आहे.

आधी हात त्यानं सोडला. मी नाही.

८

सोमवारी मी रस्ता ओलांडून गेले. मनगट काळंनिळं पडलं होतं, त्यावर ओढणी गुंडाळली होती.

"पहिले जगले वाटतं?" बुडबुडेशेठनं विचारलं.

"जगले. आणखी द्या. भडक रंगाचे द्या."

"सांभाळाल ना?"

"मी सांभाळेन नाहीतर कोण?"

आता सकाळी डबी वाजवली की मासे माझ्याकडे येतात. पापुद्रे नसतात. झाकण मी लावते तसंच राहतं. दादा फोन करतो, परत ये म्हणत नाही, पण फोन ठेवायच्या आधी जरा थांबतो, ऐकत असल्यासारखा. मी त्याला माशांचं सांगते. कुठला वाढला, कुठला भांडखोर निघाला.

बाजारातून एक वेताची खुर्ची आणली आणि मुद्दाम फरशीच्या त्याच तुकड्यावर मांडली, टाकीपुढे हातभर. घरातली सगळ्यात चांगली जागा तीच आहे. चहा घेऊन तिथं बसायचं ठरवलंय, रोज, काही झालं तरी.

कधी कधी चहा घेऊन येते तेव्हा मासे आधीच काचेशी जमलेले असतात, खुर्चीकडे तोंड करून. वेत हलकेच करकरतो. अंगावर काटा येतो, नाही कशाला म्हणू? पण मी मागे फिरत नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते.

"सरक," म्हणते, आणि बसते.